‘दगडांसाठी वर्गणी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपल्या भागाचा वारसा जपायला लोकांनी स्वतः निधी उभारावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चार दिवस डोक्यात घोळते आहे. खाली दोन ओळी खरडून तिला उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की जुन्या वास्तू सांभाळणं हे सरकारचं काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो. लोकांनीच झोळी फिरवली की सरकार हात झटकून मोकळं होतं. दुसरं, माणसांच्या गरजा भागत नसताना दगडांसाठी पैसे मागणं निर्दयपणाचं आहे, आणि चारचौघांत मागितलेली वर्गणी खुशीची नसते. तिसरं तुम्ही शेवटी आणि अगदी मोजक्या शब्दांत लिहिलंत. अशाच एका समितीचे तुम्ही खजिनदार होतात. हिशेब मागायला लागलात तेव्हा वही तुमच्या हातून काढून घेण्यात आली आणि काम संपल्यावर सर्वांत मोठ्या देणगीदाराच्या नावाची पाटी त्या वास्तूच्या स्वतःच्या नावापेक्षा मोठी लागली.

या तिसऱ्या गोष्टीपासूनच सुरुवात करते. पहिले दोन मुद्दे वादाचे आहेत. हा वादाचा नाही, हा तुमच्या वाट्याला आलेला अनुभव आहे, आणि माझ्या लेखात त्याला जागाच नव्हती. निधी कसा उभा राहिला याच्या गोष्टी मी भरभरून सांगितल्या आणि उभा राहिल्यावर त्याचं काय होतं यावर जेमतेम एक परिच्छेद लिहिला. तुम्ही रागावलात ते योग्यच आहे.

माझाही एक अनुभव सांगते, तो लेखात घालायला हवा होता. एका जुन्या वाचनालयाच्या इमारतीसाठी आम्ही काही जणांनी निधी जमवला होता. पावतीपुस्तक माझ्याकडे होतं. रोज संध्याकाळी दाराशी टेबल टाकून बसायचं, पावती फाडायची, कार्बनखालची प्रत तपासायची आणि रात्री पेटीतली रक्कम नि पावत्यांची बेरीज जुळवायची. ती पै-पैशाने जुळली. तेवढी ती जुळली याचाच आम्हाला इतका आनंद झाला की खरी चूक कुठे होते आहे ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. इमारतीच्या दगडी भिंतींच्या दरजांमधला जुना चुना भुसभुशीत झाला होता. ज्याला काम दिलं तो म्हणाला, सिमेंटने भरून देतो, महिनाभरात संपेल, पुन्हा बघायला नको. चुन्याचं काम जाणणारा कारीगर शोधायचा तर वेळ लागणार होता, आणि देणगीदार विचारत होते, काम कधी दिसणार? आम्ही हो म्हटलं.

दोन-तीन वर्षांत भिंतीचे दगड सोलायला लागले. हात फिरवला की पापुद्रा निघायचा आणि खाली पिठासारखी पूड. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल त्या मऊ दरजांमधून बाहेर पडते आणि झीज झालीच तर चुन्याची होते. चुना पुन्हा भरता येतो. आम्ही ती वाट सिमेंटने बुजवली, तेव्हा ओल दगडातूनच बाहेर यायला लागली. तिच्याबरोबर आलेला क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचला आणि त्याने दगडच फोडला. म्हणजे लोकांच्या पैशाने आम्ही जी भिंत वाचवायला निघालो होतो तिचं नुकसान केलं. आणि वही तर चोख होती!

हे सांगायचं कारण असं, की तुमच्या समितीत पैशाचा हिशेब लपवला गेला आणि आमच्या समितीत कामाचा हिशेब कुणी मागितलाच नाही. दोन्हींत वर्गणी देणारा माणूस पावती घेऊन घरी गेला आणि त्याचा संबंध तिथेच संपला. माझा आजचा सगळा आग्रह याच एका गोष्टीचा आहे. निधीतून पैसे मिळतात, पण त्याहून मोठी गोष्ट मिळू शकते ती म्हणजे लक्ष ठेवणारी माणसं. ती मिळाली नाहीत तर निधी फसला, रक्कम कितीही जमो.

अज्ञानाने नुकसान होणं छोट्या समित्यांपुरतं नाही. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली मोठा जीर्णोद्धार झाला. संगमरवराचे तुकडे जोडायला त्यांनी लोखंडी पट्ट्या वापरल्या. प्राचीन कारागिरांनीही लोखंडच वापरलं होतं, पण ते शिशाने मढवून. नव्या पट्ट्यांना ते कवच नव्हतं. त्या गंजल्या, फुगल्या आणि त्यांनी आतून संगमरवर तडकवला. १९७५ नंतर नव्याने सुरू झालेल्या कामात त्या एकेक करून काढाव्या लागल्या आणि त्यांच्या जागी टायटॅनियम घातलं गेलं. तिथे ना हेतू वाईट होता, ना पैसा कमी होता. म्हणून कुठल्याही समितीने पावतीपुस्तक छापण्याआधी त्या वास्तूचं साहित्य ओळखणारा माणूस शोधावा, असं मला आता ठामपणे वाटतं.

आता पाटीविषयी. माझ्या लेखात मी न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याची गोष्ट सांगितली होती आणि तुम्ही तिच्यावरच बोट ठेवलंत. पुतळा फ्रान्सच्या लोकांनी दिला, चौथरा अमेरिकेने बांधायचा होता. पैसे जमेनात. ग्रोव्हर क्लीव्हलंड तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनी १८८४ साली राज्याच्या तिजोरीतून ५०,००० डॉलर द्यायला नकार दिला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेकडूनही पैसे मिळाले नाहीत. तेव्हा मार्च १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून हाक दिली. जो कुणी जितके देईल त्याचं नाव छापू, रक्कम कितीही लहान असो, असं सांगितलं. ऑगस्टपर्यंत १,२०,००० हून अधिक लोकांनी मिळून १,००,००० डॉलरांच्या वर रक्कम दिली, आणि त्यातल्या बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती. आयोवातल्या एका बालवर्गाने १ डॉलर ३५ सेंट पाठवले. सर्कशीला जायला साठवलेला एक डॉलर काही मुलांनी मिळून दिला.

तुम्ही म्हणता, नावं छापणं हीच तर सक्ती. शेजाऱ्याचं नाव आलं आणि आपलं नाही, या लाजेपोटी माणूस देतो. मी हे आधी मानायला तयार नव्हते. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं की सव्वा लाखाच्या आसपास माणसांचं शहराशहरांतून आलेलं नाव छापणं वेगळं आणि जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो अशा वस्तीत फळ्यावर नावापुढे आकडा लिहिणं वेगळं. पहिल्यात लहान देणाऱ्याचा मान वाढतो. दुसऱ्यात ज्याला देता आलं नाही त्याची मान खाली जाते. पुलित्झर यांच्या वृत्तपत्राचा खपही त्या मोहिमेत चांगलाच वाढला, हेही सांगायलाच हवं. तेव्हा लेखातलं ‘देणगीदारांची रकमेसह यादी लावावी’ हे माझं वाक्य मी मागे घेते. नावं लावायचीच तर आकड्याशिवाय, आद्याक्षरांच्या क्रमाने, सगळी एकाच मापाच्या अक्षरांत. आणि ज्याला नाव नको त्याचं नको. रकमांची यादी वहीत असावी, आणि ती वही मागेल त्याला उघडून दाखवावी.

वृत्तपत्रातून निधी उभारण्याची रीत आपल्यालाही अनोळखी नाही. पुलित्झर यांच्यानंतर दहाच वर्षांनी, १८९५ साली, लोकमान्य टिळकांनी रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी ‘केसरी’तून हाक दिली आणि पुढच्याच वर्षी गडावर उत्सव झाला. त्या हाकेने काय केलं ते मराठी वाचकाला मी सांगायला नको.

मोठ्या देणगीदाराचा प्रश्न याहून अवघड आहे. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. दोन दिवसांत बड्या घराण्यांनी आणि कंपन्यांनी कोट्यवधी युरोंच्या घोषणा केल्या. पण पुढचे दोन महिने मजुरांचे पगार आणि सुरुवातीची बिलं भागली ती मुख्यतः लहान देणगीदारांनी खरोखर पाठवलेल्या पैशांतून. मोठ्यांचे पैसे करारमदार करून नंतर, टप्प्याटप्प्याने आले. आले हे खरं, आणि त्यांच्याविना काम झालं नसतं हेही खरं. एकूण सुमारे ३,४०,००० लोकांनी आणि संस्थांनी मिळून ८४ कोटी युरोंच्या वर रक्कम दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. माझ्या मते त्या कामातली सर्वांत घेण्यासारखी गोष्ट मात्र वेगळीच आहे. देशाची लेखापरीक्षण संस्था त्या निधीवर सुरुवातीपासून डोळा ठेवून होती. काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा कार्यालयीन खर्च देणग्यांतून भागवला जातो आहे, असा आक्षेप तिने २०२० सालीच जाहीरपणे घेतला. कॅथेड्रलसाठी दिलेला पैसा कॅथेड्रललाच लागला पाहिजे, हा तो आग्रह. काम अर्ध्यावर असताना जो हिशेब विचारला जातो त्याचाच उपयोग होतो. तुम्हीही नेमकं तेच करत होतात, म्हणूनच वही गेली.

आता तुमचा पहिला मुद्दा, सरकारचा. इथे मी तुमच्याशी अर्धीच सहमत आहे. कर भरणाऱ्याला मागण्याचा हक्क आहे आणि तो सोडू नये. पण लोक पुढे आले की सरकार मागे सरतं, हे दर वेळी खरं ठरत नाही. जर्मनीतलं कोलोनचं कॅथेड्रल बघा. बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं आणि शेकडो वर्षं ती वास्तू अर्धवट उभी होती. १८४२ साली नागरिकांनी ते पुरं करण्यासाठी मंडळ काढलं. १८८० मध्ये मनोरे पूर्ण झाले तेव्हा खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा या मंडळाने उचललेला होता आणि उरलेला प्रशियाच्या राज्याने. लोकांनी थैली सोडली म्हणून राज्याने आपली बंद केली नाही. जर्मनीतल्याच ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या चर्चचंही तसंच. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर ते चर्च कोसळलं आणि पंचेचाळीस वर्षं तो ढिगारा शहराच्या मधोमध पडून होता. १९९० मध्ये तिथल्या काही नागरिकांनी जगाला आवाहन केलं. १९९४ मध्ये उभारणी सुरू झाली, ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च पुन्हा उघडलं, आणि सुमारे १८ कोटी युरोंच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा देणग्यांचा होता. बाकीचा सरकारी. नोबेल मिळवणारे जीवशास्त्रज्ञ गुंटर ब्लोबेल यांनी लहानपणी, विध्वंसाच्या थोडंच आधी, ते शहर पाहिलं होतं. त्यांनी १९९९ च्या पारितोषिकाची रक्कम ड्रेस्डेनच्या उभारणीला दिली. चर्चच्या शिखरावरचा क्रूस ब्रिटनमध्ये जमलेल्या देणग्यांतून बनवला गेला. तो घडवणाऱ्या सोनाराचे वडील त्या हल्ल्यात बॉम्बफेकी विमान चालवत होते.

आज त्या भिंतीजवळ उभं राहिलं की फिक्या नव्या दगडांत मधे मधे काळे दगड दिसतात. ते ढिगाऱ्यातून उचलून, मोजून, नोंदवून पुन्हा आपापल्या जागी बसवलेले मूळ दगड. नवं काय आणि जुनं काय हे कुणी लपवलेलं नाही. जीर्णोद्धाराचा हा प्रामाणिकपणा मला फार भावतो, आणि तो हिशेबाच्या प्रामाणिकपणाचाच सख्खा भाऊ आहे.

तेव्हा सरकारबद्दल माझं म्हणणं एवढंच. वर्गणीच्या पहिल्या पावतीबरोबर सरकारकडे पहिलं लेखी पत्रही गेलं पाहिजे, आणि दोन्हींचा पाठपुरावा सारखाच झाला पाहिजे. हे माझ्या लेखात नव्हतं. तुमच्यामुळे ते आता लिहिते आहे.

राहिला दुसरा मुद्दा, माणसं की दगड. इथे मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही.

ऑक्टेव्हिया हिल यांचं नाव तुमच्या कानांवर असेल. १८६५ पासून त्यांनी लंडनच्या गरिबांच्या पडक्या घरांचा कारभार हाती घेतला. गळकी छपरं, तुंबलेली गटारं, मोडके जिने दुरुस्त करून वाजवी भाड्याने ती घरं चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माणसांच्या गरजा त्यांना कुणी शिकवायला नकोत. याच बाईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर १८९५ मध्ये इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट ही जमिनी आणि वास्तू लोकांसाठी राखणारी संस्था स्थापन केली. माणसाला निवारा लागतो तसं बसायला ठिकाण, खेळायला मैदान, आकाश बघायला मोकळी जागा लागते, आणि पैसेवाल्याला ती विकत घेता येते, गरिबाला नाही, म्हणून ती सगळ्यांच्या मालकीची करून ठेवली पाहिजे, हा त्यांचा विचार. घरदुरुस्ती आणि वारसा ही त्यांना एकमेकांविरुद्धची कामं कधी वाटलीच नाहीत.

१९०२ साली इंग्लंडातल्या सरोवरांच्या प्रदेशातल्या डर्वेंटवॉटर सरोवराच्या काठची ब्रँडलहाउची जमीन विकायला निघाली, तेव्हा ती लोकांसाठी राखायला ट्रस्टने वर्गणी काढली. साडेसहा हजार पौंड उभे करायचे होते. त्या वर्गणीत शेफील्डच्या एका कारखान्यातल्या कामगाराने अडीच शिलिंग पाठवले. सोबत चिठ्ठी होती. तिचा आशय असा, की ही सरोवरं बघायची आयुष्यभर इच्छा होती, आता काही बघणं व्हायचं नाही, पण ती इतरांसाठी राहावीत म्हणून हातभार लावावासा वाटतो.

ही चिठ्ठी मी पुष्कळदा वाचली आहे. या माणसाकडे कुणी पैसे मागायला जाऊ नये, त्याच्या गरजा आधी भागू देत, असं आपण म्हणणं दयाळूपणाचं वाटतं. पण त्यात आपण त्याच्यासाठी परस्पर ठरवून टाकतो की त्याला पोटाखेरीज दुसरं काही नसतं. सुंदर गोष्ट टिकावी असं वाटण्याचा आणि त्यासाठी आपल्या खिशातलं काही देण्याचा अधिकार त्यालाही आहे. मागण्यात सक्ती नको, लाज नको, दारावर घोळक्याने जाणं नको, हे सगळं मान्य. मागूच नका, हे मान्य नाही. पुढे १९०७ च्या कायद्याने ट्रस्टला आपल्या जमिनी कायमच्या अविक्रेय ठरवण्याचा हक्क मिळाला. लोकांची वर्गणी आधी होती, संसदेचा कायदा नंतर आला. तुमच्या पहिल्या मुद्द्याचंही उत्तर त्यात थोडं सापडेल.

आणखी एक गोष्ट राहिली, पण ती थोडक्यात सांगते. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी मंडळ काढलं, तेव्हा त्यांचा भर मोठ्या जीर्णोद्धारावर नव्हता, रोजच्या निगेवर होता. पन्हळ साफ ठेवा, निसटलेलं कौल वेळेवर बसवा, म्हणजे पुढची मोठी दुरुस्ती टळते. आमच्या वाचनालयात आम्ही हे फार उशिरा शिकलो. आता तिथे मोठी वर्गणी निघत नाही. दर वर्षी थोडे पैसे जमतात, त्यातून छप्पर आणि पन्हळी बघितल्या जातात, आणि भिंतीचं सिमेंट छिन्नीने अलगद काढून हळूहळू, एकेक पट्टा करत, चुना भरला जातो. काढताना काही दगडांच्या कडा तुटल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत. दाराशी एक फळा आहे. त्यावर नावं नसतात. या महिन्यात किती आले, कशावर किती गेले, किती शिल्लक आणि पुढे काय करायचं आहे, एवढंच असतं. येणारे-जाणारे वाचतात, कधी खडू उचलून बेरीज तपासतात. गेल्या खेपेला एका शाळकरी मुलीने चूक दाखवली. बरोबर होती ती.

मूळ लेखात मी आता तीन बदल करते आहे. देणगीदारांच्या यादीचं वाक्य काढते, सिमेंटची हकीकत घालते, आणि सरकारला लिहायच्या पत्राचा भाग वाढवते. तुमचं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून ‘एका माजी खजिनदारांच्या आक्षेपामुळे’ एवढाच उल्लेख तिथे राहील. तो नको असेल तर कळवा.

आणि जमलं तर हेही कळवा: ती वही शेवटी कुणाकडे गेली? तुम्ही तोवर लिहिलेली पानं अजून कुठे असतील, तर त्या वास्तूसाठी पैसे देणाऱ्या प्रत्येकाला ती बघायचा हक्क आहे, आणि ती मागायला तुमच्याबरोबर कुणी हवं असेल तर मी येते.